बार्शीटाकळीची वाट आणि जीपचा टप

मैत्रिणींनो, बार्शीटाकळी पाहायला म्हणून कोणी मुद्दाम रजा काढत नाही. आमच्या वऱ्हाडातली माणसं शेगावला जातात, कारंज्याला जातात, नवस असेल तर माहूर गाठतात. बार्शीटाकळीला जायचं ते तहसिलीत कागद काढायला, नाहीतर सोयरिकीला. शिवाय नुसतं 'बार्शी' म्हटलं की उरलेल्या महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढे सोलापूरकडची बार्शी येते. ही ती नव्हे बरं का! ही अकोल्याहून मंगरूळपीरच्या रस्त्यानं वीसेक किलोमीटरवर, विद्रुपा नदीच्या काठी वसलेली. नदीचं नाव ऐकून हसू नका. कोणता बाप आपल्या लेकीचं असं नाव ठेवील? पण श्रावणात पाणी आलं की तीही चारचौघींसारखीच शोभते.

जायला एस.टी. आहे, रेल्वेही आहे. अकोला-पूर्णा मार्गावरचं हे स्टेशन. तुमच्यापैकी ज्यांचं माहेर हिंगोली-वाशीमकडे आहे त्यांना ती जुनी छोटी गाडी नक्की आठवत असेल. तिच्या डब्यात समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघा लागायचा! 2008 साली तो मार्ग रुंद झाला आणि ती गाडी गेली. आमचं घर मात्र बार्शीटाकळीला जातं ते जीपनं. आणि याच जीपवरून गेल्या वर्षी आमच्याकडे जे महाभारत झालं, ते तुम्हाला सांगायचं आहे. जुनी गाडी, स्कूटर किंवा ट्रॅक्टर दारात उभा असणाऱ्या कोणत्याही घरात ते होऊ शकतं.

ही जीप मामंजींनी 1979 साली एका जिनिंगवाल्यांकडून जुनी म्हणून घेतली. मॉडेल 1968 चं, महिंद्राची सीजे-थ्री-बी. नाव ओळखीचं वाटलं नाही तरी गाडी तुम्ही पाहिलेली आहे. उंच कपाळाची, दोन गोल डोळ्यांची, बी.डी.ओ. साहेब आणि निवडणुकीतले पुढारी जिच्यातून फिरायचे ती. तिचं कपाळ उंच का, तर अमेरिकेतल्या विलीज कंपनीनं 1953 मध्ये तिच्यात नवं, जास्त उंचीचं इंजिन बसवलं. ते जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेटच वर उचललं. महिंद्रांनी मुंबईत जीपची जोडणी स्वातंत्र्याच्या आसपासच सुरू केली होती. पुढे अमेरिकेत हे मॉडेल बंद पडलं तरी आपल्याकडे ते कितीतरी वर्षं निघत राहिलं.

या गाडीला छत म्हणून असतं ते ताडपत्रीचं हूड. लोखंडी नळ्यांच्या कमानी, त्यावर जाड कापड, बाजूला बटणांचे पडदे. वाटलं तर सगळं काढून गुंडाळून ठेवा, पुढची काचसुद्धा बॉनेटवर आडवी करा. मग गाडी पाटासारखी उघडी! वाऱ्याला ना भिंत ना दार.

हे हूड आमच्याकडे तीनदा शिवून झालं होतं. चौथ्यांदा फाटलं तेव्हा धाकटे भाऊजी म्हणाले, "आता हे पुन्हा पुन्हा ठिगळ लावणं पुरे. फायबरचा पक्का टप बसवू. हवा तेव्हा काढता येतो, हवा तेव्हा लावता येतो. आईला धूळ नको, पाऊस नको. आरामात बार्शीटाकळीला जाईल."

आईला म्हणजे आमच्या सासूबाईंना. त्यांचं वय 79. माहेर बार्शीटाकळीच्या पलीकडे, पिंजरच्या बाजूला. त्यांच्या माहेरचं दैवत म्हणजे बार्शीटाकळीची कालंकादेवी. वर्षातून दोनदा तरी देवीच्या पायांवर डोकं ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. पण गेली दोन वर्षं धुळीनं त्यांना खोकल्याची उबळ यायची. भाऊजींचं म्हणणं प्रेमापोटीच होतं, यात शंका नाही. फक्त टपाचा सांगितलेला आकडा ऐकून जाऊबाईंनी हातातलं वरणाचं पातेलं खाली ठेवलं. कारण तेवढेच पैसे आम्ही दोघींनी तीन वर्षं भिशी लावून जमवले होते, आणि तेही त्याच सासूबाईंसाठी. आमचं न्हाणीघर वरच्या मजल्यावर, बावीस पायऱ्या चढून. रात्री-अपरात्री त्या भिंतीला धरून वर चढतात तेव्हा आमचा जीव टांगणीला लागतो. खाली एक न्हाणी-संडास बांधायचा, भिंतीला धरायला दांडे बसवायचे, असं आमचं ठरलं होतं. आता बोला! टपही आईसाठी आणि न्हाणीही आईसाठी.

आता हा काढता-घालता टप मुळात आला कुठून, हे मी जरा समजून घेतलं. उघड्या मोटारींचं वेड गोऱ्या लोकांचं. त्यांच्याकडे ऊन पाहुण्यासारखं येतं, म्हणून ते अंगावर घेण्यासाठी ते छत काढून फिरतात. पण बर्फाच्या आणि पावसाच्या दिवसांत कापडी छतातून गारठा शिरतो, वाऱ्यानं ते फडफडतं, मागची प्लॅस्टिकची खिडकी पिवळी पडते आणि चोरटा साध्या ब्लेडनं कापड फाडून आत हात घालतो. त्यावर तोड म्हणजे हिवाळ्यापुरतं पक्कं झाकण. फोर्डची थंडरबर्ड 1955 मध्ये आली ती असा फायबरचा टप घेऊनच. त्यातून बाजूचं मागचं दिसेना, म्हणून पुढच्या वर्षी टपाला जहाजासारख्या गोल खिडक्या पाडल्या. मर्सिडीजनं 1963 मध्ये काढलेल्या गाडीचा टप तर मधोमध खोलगट होता. चिनी देवळाच्या छपरासारखा दिसतो म्हणून लोकांनी त्या गाडीचं नावच 'पॅगोडा' पाडलं. तो उचलायला दोन माणसं लागतात. तिकडचे हौशी लोक गॅरेजच्या आढ्याला कप्पी बांधून उन्हाळाभर टप वर टांगून ठेवतात. आपण पाळणा टांगतो तसा!

म्हणजे पाहा, तिकडे टप लावायचा तो थंडीसाठी. आमच्या अकोल्याला थंडी ती किती? संक्रांतीच्या आगेमागे चार दिवस शाल पुरते. वैशाखात मात्र पारा 45 च्या पुढे जातो आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. तिकडच्या दुखण्याचं औषध इकडच्या दुखण्याला लागू पडेल का, हा खरा प्रश्न.

सासूबाईंना टपाचं विचारलं, तेव्हा त्या पटकन म्हणाल्या, "मले नाही बसाचं त्या पेटाऱ्यात."

आम्हाला वाटलं, म्हातारं माणूस, नव्याला नाही म्हणणारच. पण संध्याकाळी वाती वळता वळता त्यांनी जे सांगितलं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. 1963 साली लग्न होऊन त्या सासरी आल्या त्या दमणीतून. दमणी म्हणजे आमच्याकडची बसायची हलकी बैलगाडी. माल वाहायची ती बंडी, एकट्या-दुकट्यानं झटकन जायची ती रेंगी, आणि घरच्या बायकांनी जायचं ती दमणी. तिच्यावर बांबूच्या कमानी, त्यावर टप, पुढंमागं पडदा. म्हणजे तोही काढता-घालता टपच की! पुरुषमाणसं एकटी निघाली की टप उतरवायचा, बायका बसल्या की चढवायचा. "सारा रस्ता गेला न् मले बैलाच्या घुंगरायचा आवाज तेवढा आला," सासूबाई म्हणाल्या. "बार्शीटाकळी कधी आली न् कधी गेली, कोनाले ठाव. नदी वलांडली ते चाकाच्या आवाजावरून समजलं." पुढची सोळा वर्षं माहेरी जाणं-येणं असंच, नाहीतर एस.टी.च्या गर्दीत पाटीवर उभं राहून. मग जीप आली. मामंजींनी एका मार्गशीर्षात हूड काढलं आणि सगळ्यांना देवीला नेलं. आपल्या माहेरच्या रस्त्यावर कोणती झाडं आहेत, हे त्यांनी वयाच्या तेहतिसाव्या वर्षी पाहिलं.

यावर भाऊजी काय बोलणार! ते इतकंच म्हणाले, "पण आई, तुझा खोकला?" आणि तेही खरंच होतं.

मग ठरलं, की नवरात्रात एकदा आहे त्या फाटक्या हूडनिशी जाऊन यायचं आणि काय त्रास होतो तो नीट पाहायचा. पहाटे पाचला निघालो. उघड्या जीपमधून जायचं असेल तर मैत्रिणींनो, काही गोष्टी ध्यानात ठेवा. नायलॉनचं पातळ नेसू नका, ते फुग्यासारखं फुलतं. सुती नेसा आणि पदर कमरेला खोचा. केसांवर रुमाल हवाच. अंबाड्यातली फुलं घरीच देवाला वाहा, रस्त्यात टिकत नाहीत. पाणी कापडात गुंडाळलेल्या तांब्याच्या भांड्यात घ्या. उन्हाळ्यात गेलात तर आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे पिशवीत एक कांदा टाका. त्यानं लू लागत नाही असं म्हणतात. माझा भरवसा मात्र कैरीच्या पन्ह्यावर जास्त.

अकोला मागं पडलं आणि दोन्ही अंगांना काळी माती सुरू झाली. आश्विनातली ही जमीन पाहण्यासारखी असते. सोयाबीन पिवळं पडून काढणीला आलेलं, तुरी कमरेच्या वर, आणि कपाशीला पहिली बोंडं फुटू लागलेली. पूर्वी इथं ज्वारीचीही रानंच्या रानं असायची. सोयाबीन आलं आणि ज्वारी मागं सरली. ओल्या मातीचा, तुरीच्या पानाचा, कुठं चुलीच्या धुराचा वास. हा वास काचा लावलेल्या गाडीत येत नाही. सासूबाई पुढच्या सीटवर बसून बोट दाखवून सांगत होत्या, "थो निंब पाह्य, थो चिचीचा..." आणि माझी लेक मोबाईल विसरून ऐकत होती, हे विशेष!

धूळ आली ती कधी, हे मी मुद्दाम पाहिलं. गाडी मोकळ्या रस्त्यावर असताना आली नाही. रस्त्याचं काम चाललं होतं तिथं पुढच्या ट्रकची आली, आणि बाजूचे पडदे लावून मागचा तसाच उघडा ठेवला तेव्हा सगळ्यांत जास्त आली. याचं कारण घरी आल्यावर कळलं. धावत्या गाडीच्या पाठीमागं हवा विरळ होते, ती धुळीला आणि स्वतःच्याच सायलेन्सरच्या धुराला आत ओढून घेते. म्हणून पडदे लावायचे तर चारही बाजूंचे, नाहीतर सगळे सोडायचे. फक्त मागचा उघडा ठेवणं वाईट. त्या धुरानं डोकं दुखतं, मळमळतं, आणि लहान मूल मागं झोपलेलं असेल तर ते घातकही आहे. सासूबाईंचा निम्मा खोकला धुळीचा नसून धुराचाच होता, असं आता मला वाटतं.

देऊळ गावातच आहे. काळ्या दगडाचं, हेमाडपंती म्हणतात त्या घडणीचं. दगडावर दगड असा बसवलेला की मध्ये चुन्याचं बोट नाही. इथला शिलालेख शके 1098 चा, म्हणजे इसवी सन 1176 च्या सुमाराचा. आता गंमत बघा, ज्याच्या नावावरून आपण 'हेमाडपंती' म्हणतो तो यादवांचा प्रधान हेमाद्री तेराव्या शतकातला. म्हणजे कालंकादेवीचं देऊळ उभं राहिलं तेव्हा हेमाडपंत जन्मायचे होते! नाव मागून आलं आणि आधीच्या देवळांनाही चिकटलं. आपल्यात नाही का, सासरचं आडनाव लागलं की माहेरच्या करंज्याही त्यांच्याच नावानं ओळखल्या जातात! गावात खोलेश्वराचंही जुनं मंदिर आहे, वेळ असेल तर तेही पाहा.

आत गारवा असा, की बाहेरच्या आश्विनातल्या उन्हाचा विसर पडावा. सासूबाई भिंतीला पाठ टेकून बसल्या. भाऊजी वर पाहत म्हणाले, "बघा, आठशे वर्षांचा पक्का टप आहे आणि आत गार!" त्यावर जाऊबाई म्हणाल्या, "हातभर जाडीचा दगड बसवा जीपवर, मी भिशी देते." आम्ही सगळे हसलो खरे, पण मुद्दा त्यातच होता. छपरानं गार वाटतं ते जाडीमुळं आणि हवा खेळल्यामुळं; नुसतं पक्कं असल्यानं वाटत नाही. आपल्याकडे ज्यांची घरं टिनाची आहेत त्यांना हे सांगायला नको. मे महिन्यात टिनावर पऱ्हाट्या आणि गवत टाकतो ते कशासाठी? पत्र्याचा टप म्हणजे चार चाकांवरचं टिनाचं घर. फायबर पत्र्याइतका तापत नाही हे खरं, पण तो पातळ असतो आणि खाली हवा कोंडते. जीपला काही ए.सी. नाही. ज्या गाडीत ए.सी. नाही तिला वऱ्हाडात पक्का टप लावायचा म्हणजे आठ महिने भट्टीत बसायचं.

परतल्यावर आम्ही अकोल्यात सीटकव्हर आणि हूड शिवणाऱ्या एका चाचांकडे गेलो. हे चाचा फायबरचे टपही बसवून देतात, म्हणजे दोन्हीकडून त्यांचाच फायदा. तरी त्यांनी सरळ सांगितलं. नव्या गाडीला कारखान्यातून आलेला टप छान बसतो, कारण गाडी आणि टप एकाच मापात जन्मलेले असतात. पन्नास वर्षांच्या जीपचं अंग मात्र कुठं वाकलेलं, कुठं ठोकून सरळ केलेलं. तिच्यावर साच्यातला टप ठेवला की एका कोपऱ्यात बोटभर फट राहते. तिथं रबर कोंबायचं. दोन उन्हाळ्यांत ते रबर कडक होतं आणि तिसऱ्या पावसाळ्यात पाणी थेट मांडीवर. खाचखळग्यांत टपाच्या सांध्यांचा खडखड आवाज सुरू होतो तो निराळाच. "काढता येतो म्हणतात बाई," चाचा हसून म्हणाले, "पर निकालके रखोगे कहाँ?"

हा प्रश्न आम्हा बायकांच्या लक्षात आधी यायला हवा, कारण घरात जागा शोधायची वेळ आपल्यावरच येते. छोट्या दोन माणसांच्या परदेशी गाडीचा टप वीस-बावीस किलोचा असतो. जीपचा त्याहून कितीतरी मोठा, पलंगाएवढा. तो ठेवायचा उभा की आडवा? आडवा ठेवला तर त्यावर लोणच्याच्या बरण्या आणि जुन्या गाद्या चढणार आणि तो वाकणार. उभा ठेवला तर लहान मुलांच्या अंगावर पडायची भीती. ज्यांच्याकडे आढ्याची गॅरेज आहे त्यांचं ठीक. आमच्याकडे बोळ आहे आणि बोळात दोन सायकली.

एक गैरसमज मात्र आधी दूर करते. पक्का टप असला म्हणजे गाडी उलटली तर माणसं वाचतात, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. फायबरचा पातळ टप हे उन्हापावसाचं झाकण आहे. गाडीचं वजन पेलायला सांगाड्याला जोडलेला जाड नळ्यांचा पिंजरा लागतो, आणि त्याचाही उपयोग कमरेला पट्टा बांधलेला असेल तरच. जुन्या जीपमध्ये मागं आडव्या बाकांवर मुलं बसवतात आणि धरायला काही नसतं. टप असो नसो, मुलांना तिथं बसवून वेगानं जाऊ नका.

आणखी एक गोष्ट, जी आमच्याकडे कोणालाच नीट माहीत नव्हती. 1988 च्या मोटार वाहन कायद्यातल्या 52 व्या कलमाप्रमाणे कंपनीनं ठरवलेल्या मूळ घडणीपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते ठामपणे सांगितलं. आमच्या जीपच्या पुस्तकात बॉडीच्या रकान्यात उघडी गाडी म्हणून नोंद आहे. तिच्यावर बाजारातला टप कायमचा चढवायचा तर आधी आर.टी.ओ.त विचारलं पाहिजे आणि विमा कंपनीलाही कळवलं पाहिजे. नाहीतर अपघाताच्या वेळी नेमकं तेच बोट दाखवायला मिळतं. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी 2021 पासून 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी निघाली आहे. पहिली फी 20,000 रुपये, दहा वर्षांसाठी, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. भाऊजी त्या अक्षरांवर भाळले होते. पण त्यात गाडी मूळ रूपात हवी, आणि ती रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. मग देवीला कशातून जायचं? ती अक्षरं आम्ही सोडून दिली.

टप कोणी घ्यावा, हेही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल हिला नावं ठेवण्यापलीकडे काही येत नाही. ज्यांची एकच गाडी आहे, भर पावसाळ्यात रोज कामाला न्यावी लागते, रात्री रस्त्यावर उभी करावी लागते, ज्यांना कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहायचं आहे, त्यांनी जरूर घ्यावा. आणि शक्यतो गाडीबरोबर कारखान्यातूनच आलेला. ऑक्टोबर 2020 मध्ये महिंद्रांची नवी थार निघाली. ती नाशिकला बनते. तिला कंपनीनंच कापडी आणि पक्का असे दोन्ही प्रकार दिले. आमच्या अकोल्यात ज्या दिसतात त्या बहुतेक पक्क्या टपाच्या, आणि आत ए.सी. असल्यानं ते शहाणपणाचंच आहे. आमची जीप वर्षातून पंधरा-वीस दिवस निघते. तिला टप म्हणजे घरात पाहुणा यायचा वर्षातून एकदा आणि त्याच्यासाठी खोली बांधायची.

शेवटी न्हाणी झाली. दिवाळीनंतर गवंडी लावला, दोन्ही भिंतींना दांडे बसवले, खडबडीत फरशी टाकली. भिशीतून जे उरलं त्यात चाचांकडून नवं हूड शिवून घेतलं. जाड सुती कॅनव्हास, फिक्या रंगाचा, आतून पातळ पांढरं अस्तर. गडद रंग ऊन पितो म्हणून फिका. चारही पडद्यांना चेन, म्हणजे एका झटक्यात सगळं बंद होतं आणि सायलेन्सरचा धूर आत शिरत नाही. सायलेन्सरची फुटकी नळीही भाऊजींनी बदलून घेतली, त्याचा खर्च त्यांनी आपला आपण केला.

कॅनव्हास टिकवायचा तर काळजी आपल्यालाच घ्यावी लागते, म्हणून ती पद्धत लिहून देते. आधी कोरड्या ब्रशानं धूळ झाडायची. डाग असतील तर रिठ्याच्या पाण्यानं धुवायचं. धुण्याची तिखट पावडर वापरू नका, त्यानं शिवणीचा दोरा कुजतो. पाणी धरू नये म्हणून आपल्या आजीच्या काळचा उपाय अजून चालतो. साधा अंगाचा किंवा कपड्याचा बार साबण किसून गरम पाण्यात विरघळवा आणि ते पाणी कापडाला फासा. सुकलं की तुरटीचं दाट पाणी वरून फासा. साबण आणि तुरटी एकत्र आले की धाग्यात न विरघळणारा एक चिकट थर धरतो आणि पावसाचे थेंब अळवावरच्यासारखे घरंगळतात. दर पावसाळ्याआधी एकदा करावं. आधी एका कोपऱ्यावर करून पाहा, रंग जातो का ते कळेल. चेनीवर मेणबत्ती फिरवली की ती अडकत नाही. आणि ओलं हूड कधीही घडी घालू नका. पापड ओले भरावेत तसंच ते. चार दिवसांत बुरशी! घडी घालताना मध्ये कडुनिंबाचा पाला घालते, त्यानं कसर लागत नाही. उंदरांसाठी मात्र ते वर टांगायलाच हवं. कापडाचं एक बरं, बोळातही खुंटीला टांगता येतं.

तुम्ही कधी अकोल्याला आलात तर बार्शीटाकळीला जाऊन या. सकाळी देवीचं दर्शन घ्या आणि तसंच पुढं महानला जा. तिथं काटेपूर्णा नदीवरचं धरण आहे, आमच्या अकोल्याला पाणी येतं ते तिथूनच. थंडीच्या दिवसांत जलाशयावर बाहेरगावचे पक्षी उतरतात आणि भोवती अभयारण्याचं रान आहे. डबा न्या, तिथं काही मिळेल या भरवशावर जाऊ नका. झुणका, ज्वारीची भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा एवढा पुरे. तीनच्या आत परत निघा, म्हणजे ऊन डोळ्यांवर येत नाही.

हूड शिवायला टाकलं त्या दिवशी माप द्यायला सासूबाई स्वतः दुकानात आल्या होत्या. चाचांनी मागच्या पडद्याला नेहमीसारखी वहीच्या पानाएवढी प्लॅस्टिकची खिडकी आखली होती. सासूबाईंनी खडू मागून घेतला आणि आपल्या हातानं या शिवणीपासून त्या शिवणीपर्यंत रेघ ओढून दिली. "इतकी मोठी काच लवकर पिवळी पडेल, आजी," चाचा म्हणाले. "पडू दे," त्या म्हणाल्या, "तवा दुसरी लावजो."